रोजचे साडेचारशे रुपये

वाचकाचे पत्र, थोडक्यात: रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील, खाडीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावातून निवृत्त माध्यमिक शिक्षकांनी हे पत्र लिहिले आहे. गावातल्या जुन्या क्रीडा मंडळाचे ते कार्यवाह आहेत. मंडळाचा जांभ्याच्या भिंतींचा मोठा हॉल आहे. त्यात बॅडमिंटनचे कोर्ट आणि एका टोकाला रंगमंच, तर शेजारी कॅरम व टेबल टेनिसची खोली, लहानशी व्यायामशाळा आणि वाचनकक्ष आहे. सभासद ८४ उरले आहेत. वर्षाचा खर्च ४ लाख १४ हजार रुपये आणि उत्पन्न सुमारे २ लाख ४७ हजार. मधली तूट दरवर्षी मुदत ठेव मोडून भागवली जाते आणि ठेव आता ६ लाखांवर आली आहे. निसर्ग चक्रीवादळापासून छप्पर गळते. ते बदलण्याचे अंदाजपत्रक ९ लाखांचे आहे. एका बांधकाम व्यावसायिकाने जागेच्या मोबदल्यात नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल देऊ केला आहे. स्थानिक विश्वस्त ‘आता झेपत नाही’ म्हणतात आणि मुंबईकर गावकरी ‘विकू देणार नाही’ म्हणतात. निवृत्तीच्या पैशांतून ३ लाख रुपये मंडळाला बिनव्याजी द्यावेत, असे पत्रलेखकांच्या मनात आहे. घरच्यांचा त्याला विरोध आहे. ‘तरुण सगळे मुंबई-पुण्याला गेले, खेळायला कोणी उरले नाही. पण माझ्या कारकिर्दीत मंडळाला टाळे लागले, तर गावात तोंड कसे दाखवू?’ असे ते विचारतात.

नमस्कार सर,

तुम्ही पत्रासोबत जमाखर्चाचा पूर्ण कागद जोडलात, याबद्दल आधी आभार मानतो. अशा संस्थांविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत हळहळ भरपूर असते आणि आकडे नसतात. तुमच्या कागदावरून तूट निघते ती वर्षाला १ लाख ६६ हजार ६०० रुपये, म्हणजे दिवसाला साडेचारशे रुपयांच्या थोडी वर. छपराचे ९ लाख हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्या सभांमध्ये हे दोन्ही आकडे एकाच श्वासात उच्चारले जात असावेत, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला सगळे हाताबाहेर गेल्यासारखे वाटत असावे. रोजचे साडेचारशे रुपये गावातूनच उभे राहिले पाहिजेत, कारण ते दरवर्षी लागणार आहेत. छपराचे पैसे एकदाच लागणार आहेत आणि ते बाहेरून मागता येतात. देणगी मागून रोजची तूट भागवली, तर पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा उभे राहावे लागते आणि दार उघडणाऱ्याचा चेहरा दरवर्षी थोडा बदलत जातो.

आता तुमच्या पत्रातील सर्वांत ठाम वाक्याकडे वळतो. ‘खेळायला कोणी उरले नाही’ असे तुम्ही म्हणता. लोक गेले, हे खरे आहे. जनगणनेनुसार २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ झाली. सिंधुदुर्गातही घटच झाली. पण त्याच २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. गाव रिकामे झालेले नाही. गावात राहणारी माणसे बदलली आहेत. तुमच्या ८४ सभासदांत स्त्रिया ६ आहेत आणि त्यांतल्या चौघी विश्वस्तांच्या घरच्या आहेत, असे तुम्हीच ओघात लिहिले आहे. हॉल उघडतो संध्याकाळी पाचला आणि बंद होतो रात्री दहाला. नोकरी-धंद्यावरून परतणाऱ्या तरुण पुरुषाच्या सोयीने ही वेळ कधीकाळी ठरली आणि तो तरुण कांदिवलीला किंवा चाकणला गेल्यावरही ती तशीच राहिली. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी दोन ते पाच हॉलला कुलूप असते, आणि गावात राहिलेल्या बायका, शाळकरी मुले आणि निवृत्त मंडळी यांना थोडीफार सवड मिळते ती नेमकी याच वेळांत.

त्यामुळे कोणताही ठराव करण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. पहाऱ्याच्या माणसाने दर तासाला, कोणत्या खोलीत किती माणसे होती आणि कोणते दिवे-पंखे चालू होते, एवढेच लिहायचे. नावे नकोत. शेजारी दुसरी वही ठेवा ती बाहेर विचारपूस करून भरण्याची: शाळेच्या फाटकाशी मुलांना न्यायला येणाऱ्या आया, बचत गटांच्या बैठका, पेन्शनसाठी बँकेत येणारे लोक. ‘मंडळात याल का?’ असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘कोणत्या वेळी याल, कशासाठी याल आणि महिन्याला किती द्याल?’ असे विचारा. हे विचारायला मंडळाच्या पुरुष पदाधिकाऱ्यांऐवजी एखादी निवृत्त शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका गेली, तर उत्तरे अधिक खरी मिळतील. आणि त्याआधी एकदा स्वतः जाऊन स्वच्छतागृह पाहून या. आतून कडी लागते का, दिवा आहे का, पाणी आहे का? ज्या जागी बाईमाणसाला दाराला पाय लावून बसावे लागते, तिथे सकाळचा योगवर्ग दुसऱ्या महिन्यात बंद पडतो आणि मग ‘बायकांना आवडच नाही’ असा शेरा इतिवृत्तात जातो.

वर्गणीबाबतही तुमचे एक गृहीत मला पटत नाही. वार्षिक वर्गणी ६०० रुपये आहे आणि बॅडमिंटन खेळणारे ४० जण त्याखेरीज महिन्याला १०० रुपये देतात. दर वाढवायला तुम्ही नकार देता, कारण ‘मंडळ सेवेसाठी आहे’. सेवा कोणाची, हे एकदा कागदावर मांडून पाहू. हॉलच्या दिव्यांचे बिल आणि पहाऱ्याच्या पगाराचा मोठा भाग या ४० जणांच्या संध्याकाळसाठी जातो, आणि ते कमी देतात त्याची भरपाई होते ती पूर्वीच्या देणगीदारांनी ठेवलेल्या रकमेतून. त्या देणगीदारांनी तो पैसा पगारदार माणसाचे शटलकॉक स्वस्त पडावे म्हणून दिला नसणार. बॅडमिंटनचा दर महिना ३०० रुपये केला आणि १० जण सोडून गेले, तरी वर्षाला ४८ हजारांऐवजी १ लाख ८ हजार येतात. शाळकरी मुलांना आणि खरोखर न झेपणाऱ्यांना सूट जरूर द्या. पण ती नाव न पुकारता आणि ठराव करून द्या, कार्यवाहांच्या ओळखीवर नको.

सकाळी बायकांचे दोन वर्ग, प्रत्येकी २० जणी, महिना २५० रुपये आणि पावसाळ्याची झड व सणासुदीचे खाडे धरून वर्षाचे १० महिने, असे धरले तर १ लाख रुपये होतात. त्यातले निम्मे शिकवणारीला द्यावेत, म्हणजे ५० हजार मंडळाला उरतात. हॉल तुम्ही वर्षात ५५ दिवस प्रत्येकी २ हजारांनी भाड्याने देता आणि त्यात सभासद-बिगरसभासद भेद नाही. बाहेरच्यांचे ३० दिवस धरून त्यांना ३ हजार आकारले, तर आणखी ३० हजार मिळतात. एवढ्याने १ लाख ४० हजार झाले. उरलेल्या साडेसव्वीस हजारांसाठी वर मान करून हॉलचे दिवे पाहा. जुने ४०० वॉटचे आठ दिवे रोज चार तास जळले, तर महिन्याला ३८४ युनिट होतात. त्याजागी १५० वॉटचे एलईडी लावले, तर १४४. वाचलेले २४० युनिट तुमच्या बिलात प्रत्यक्ष पडणाऱ्या दराने गुणून बघा. त्याच बिलावर मंजूर भार (म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्याची मुभा आहे तो आकडा) आणि ग्राहक वर्गवारी छापलेली असते, तीही तपासून घ्या. व्यायामशाळेतले जुने यंत्र काढून टाकल्यावरही मंजूर भार तसाच राहून त्यानुसार दरमहा ठरलेला स्थिर आकार भरला जाणे, हे जुन्या संस्थांत घडू शकते. वाचनकक्षाला स्वतंत्र मीटर घेऊन सार्वजनिक सेवेची वर्गवारी मिळते का, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा.

कागदावर हे जमते. प्रत्यक्षात निम्मेच जमले असे धरा. तरीही तूट ८३ हजारांवर येते आणि जी ठेव साडेतीन वर्षांत संपणार होती, ती ढोबळमानाने सात वर्षे पुरते. छपरासाठी धावाधाव करायला ही मुदत पुरेशी आहे.

छपराच्या ९ लाखांच्या अंदाजपत्रकाचे आधी तुकडे करून मागा: पत्रे किती, खालच्या लोखंडी पट्ट्या किती, पन्हळी किती, मजुरी किती. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात पत्र्याआधी त्याला धरणारे हुक आणि वॉशर गंजतात आणि तिथूनच गळती सुरू होते. चिमटीत धरून हलवल्यावर हुकाचा चुरा हातात येतो आणि शेजारचा पत्रा मात्र ठणठणीत असतो, हे कोकणातल्या कोणत्याही शेडवर चढून पाहता येईल. कदाचित समुद्राच्या बाजूचाच उतार बदलावा लागेल. कदाचित सगळेच बदलावे लागेल. पण हे ठेकेदाराखेरीज दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो स्थापत्य अभियंत्याने, वर चढून पाहिले पाहिजे. काम शिमगा आटोपल्यावर सुरू करून मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा. मृगाच्या भरवशावर राहू नका. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावर आपल्या किनाऱ्यावरून गेले होते.

या कामासाठी पैसा कोठे मागायचा? आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी टिकाऊ कामांसाठी असतो. त्यातून पगार आणि वीजबिल भागत नाही, छपराची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या संस्थेला तो कोणत्या अटींवर मिळू शकतो, हे जिल्हा नियोजन कार्यालयात विचारा, आणि जागा सर्वांना खुली ठेवू असे लिहून द्यायची तयारी ठेवा. व्यायामशाळा आणि क्रीडांगण यांच्या विकासासाठी राज्याच्या क्रीडा विभागाच्या अनुदान योजना आहेत. त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर गावोगाव फार भाबडी आशा बाळगली जाते, म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण बसते. सभासदांच्या करमणुकीचा त्यात उल्लेख नाही. बॅडमिंटन आणि टेबल टेनिस दोन्ही ऑलिम्पिक खेळ आहेत. तेव्हा मुलांचा नियमित प्रशिक्षण वर्ग, त्याची हजेरी आणि प्रशिक्षकाचा करार आधी तयार असेल, तर कंपनीकडे जाण्यात अर्थ आहे. ‘आमचे जुने मंडळ आहे’ या अर्जाला उत्तरही येत नाही.

पण यांपैकी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न कागदांचा येईल, आणि तिथे मला तुमची खरी काळजी वाटते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुनेच विश्वस्त आहेत आणि त्यांपैकी तिघे आता हयात नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. उशीर झाला असला तरी उशीर माफ करण्याच्या विनंतीसह बदल अर्ज दाखल करा आणि राहिलेले हिशेब तपासून घ्या. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत विश्वस्त म्हणून दिवंगतांची नावे असलेल्या संस्थेला निधी देणारा अधिकारी मिळणार नाही. आयकरातील सवलतीची नोंदणी, जिला सगळे ‘८०जी’ म्हणून ओळखतात, ती चालू आहे का हेही पाहा. ती असली तरी २ हजारांवरील रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, हे मुंबईकरांना आधीच सांगून बँकेमार्फत पैसे मागा.

मुंबईकरांवर तुमचा राग पत्रात लपत नाही. ‘सल्ला देतात, पैसे देत नाहीत’ हे वाक्य दोनदा आले आहे. मी त्यांची बाजू घेत नाही. पण आजवर त्यांच्याकडे मंडळाने फक्त पैसे मागितले आहेत, आणि तेही कशासाठी हे न सांगता. स्मरणिका काढून जाहिराती गोळा करायच्या, हा जो प्रघात आहे त्याचे मला कधीच कौतुक वाटले नाही. छपाई, प्रकाशन समारंभ आणि शाली-श्रीफळे वजा जाता हाती काय उरते, ते एखाद्या वर्षी प्रामाणिकपणे छापावे. त्याऐवजी केवळ छपरासाठी स्वतंत्र बँक खाते उघडा, अंदाजपत्रक त्यांच्या हाती द्या आणि दर महिन्याला शिल्लक कळवा. चाकरमान्यांत अभियंते असतात, सनदी लेखापाल असतात, वकील असतात. छपराची पाहणी, हिशेब तपासणी आणि बदल अर्ज ही तिन्ही कामे त्यांच्याकडून होऊ शकतात. आणि मे महिन्यात व गणपतीत त्यांची मुले गावी येतात, तेव्हा त्यांना पंधरा दिवसांचे सभासदत्व द्या. जे वापरले जाते त्यासाठी हात खिशात जातो.

बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव मी उडवून लावणार नाही. काही गावांत असा व्यवहार हिताचा ठरू शकतो. तुमच्या बाबतीत मात्र एक साधे मोजमाप घ्या. बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, भोवती मोकळी जागा लागते आणि मध्ये खांब चालत नाही. साध्या इमारतीतील मजल्याची उंची दहा फुटांच्या आसपास असते. साध्या सरावालाही त्याच्या दुपटीहून अधिक उंची हवी. म्हणजे ‘दुसऱ्या मजल्यावर हॉल’ या शब्दांत बॅडमिंटन बसत नाही, रंगमंचही बहुधा बसत नाही, आणि गुडघे दुखणारे वाचक तर जिन्याच्या पायथ्याशीच थांबतील. शिवाय बांधकाम चालेल तितकी वर्षे मंडळ कोठे भरेल आणि नव्या इमारतीचा मासिक देखभाल खर्च कोण देईल? तो तुमच्या रोजच्या साडेचारशेपेक्षा अधिक निघाला, तर नव्या हॉलमध्येही हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा दान देणे, तसेच इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देणे, यासाठी वर सांगितलेल्या १९५० च्या अधिनियमातील कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तोवर कोणी विश्वस्ताने कोणत्याही कागदावर सही करू नये, मग त्याला ‘नुसता सामंजस्याचा कागद’ का म्हणेनात. सातबारा काढून जमीन भोगवटादार वर्ग-२, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली, तर नाही ना, हे पाहा; असल्यास जिल्हाधिकाऱ्यांचाही प्रश्न येतो. मूळ जमीनदात्याच्या दानपत्रात अट असू शकते. खाडी जवळ असल्याने बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) रेषा कोठून जाते, हेही त्या व्यावसायिकाला लेखी विचारा.

तुमच्या ३ लाखांविषयी माझे उत्तर ‘देऊ नका’ असे आहे. विश्वस्त व्यवस्थेसाठी कर्ज घ्यायचे, तर कलम ३६अ नुसार आधी परवानगी लागते, आणि बिनव्याजी म्हटल्याने कर्जाचे कर्जपण जात नाही. त्याहून मोठी अडचण अशी की तुमच्या पैशांनी तूट दोन वर्षे झाकली जाईल आणि मंडळाला वेळ, दर व सवयी बदलण्याची गरजच भासणार नाही. तिसऱ्या वर्षी मंडळही अडचणीत असेल आणि तुम्हीही. घरच्यांचा विरोध मला हट्ट वाटत नाही, त्यात हिशेब आहे. द्यायचेच असेल, तर परत मागावे लागणार नाही इतकी रक्कम छप्पर खात्यात, इतरांसारखीच पावती घेऊन द्या.

‘माझ्या कारकिर्दीत’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. मंडळ ८४ सभासदांचे आहे. ते चालवण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय त्यांचा आहे आणि कार्यवाहाचे काम त्यांच्यापुढे खरे आकडे वेळेवर ठेवण्याचे आहे. बंद करणे हा एकच शेवटही नाही. सकाळ-दुपारच्या वेळा शाळेला कराराने देता येतात. व्यायामशाळा तोट्यात असेल, तर तेवढीच थांबवता येते. तशाच हेतूच्या दुसऱ्या विश्वस्त संस्थेत विलीन होण्याची वाट कलम ५०अ मध्ये आहे. आणि विसर्जनाचीच वेळ आली, तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार त्याला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते आणि उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. ही शेवटची तरतूद सभेत मोठ्याने वाचून दाखवा. विक्रीतून आपल्या वाट्याला काही येईल, अशी कुजबुज गावात असेल, तर ती तिथेच थांबेल.

सभा गणपतीत ठेवायची असेल, तर गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर, चाकरमान्यांच्या परतीच्या गाड्या सुटण्यापूर्वीचा दिवस निवडा आणि तुमच्या घटनेत जितक्या दिवसांची नोटीस सांगितली असेल, तितकी पाळा. विषयपत्रिकेवर तीनच ठराव असू द्यात: नव्या वेळा आणि नवे दर, छप्पर निधीचे स्वतंत्र खाते, आणि जागेबाबतचा कोणताही निर्णय पुढच्या ३१ मार्चच्या तपासलेल्या हिशेबानंतरच घेण्याचा ठराव. दोन आठवड्यांची वही सभेत फिरवा. त्याच दिवशी बांधकाम व्यावसायिकाला सभ्य भाषेत एक पत्र पाठवा की प्रस्ताव मिळाला, तो सभेपुढे ठेवला आहे, आणि हॉलची लांबी, रुंदी, उंची व मासिक देखभाल खर्च लेखी कळवल्यावर त्यावर विचार होईल.